निधनज्येष्ठता

मराठी माणसाने ठेवलेल्या शिष्यवृत्तीचं नाव रकमेपेक्षा मोठं असतं. स्नेहसंमेलनात बाई माइकसमोर येतात, चष्मा सरळ करतात आणि एका दमात सुरू होतात, ‘कैलासवासी अमुकअमुक यांच्या स्मरणार्थ त्यांचे धाकटे जावई, सध्या वास्तव्य इंदूर, यांनी ठेवलेल्या ठेवीच्या व्याजातून इयत्ता नववीत संस्कृत विषयात मुलींमध्ये द्वितीय क्रमांक मिळवणाऱ्या विद्यार्थिनीस...’ एवढं होईपर्यंत ती विद्यार्थिनी व्यासपीठावर येऊन, पाहुण्यांना वाकून, पाकीट घेऊन, खाली जाऊन, ते उघडून आणि आईकडे बघत तोंड वाकडं करून मोकळी झालेली असते. बाई अजून ‘रुपये’ या शब्दाशी पोचायच्या असतात.

यात जावईबापूंचा दोष नाही. दोष व्याजदराचा. त्यांनी ठेव ठेवली तेव्हा बँका दहा टक्के देत होत्या. पाच हजारांचे वर्षाला पाचशे होत. त्यात खजिनदार पदरचा एक रुपया घालत, कारण नुसते पाचशे म्हणजे उसने दिल्यासारखे वाटतात. पाचशे एक म्हटलं की कार्य झालं. पुढे व्याज सहा टक्क्यांवर आलं, पाचशेचे तीनशे झाले, पण ठेवपत्रात ‘रुपये पाचशे एकचे पारितोषिक’ असं लिहून ठेवलेलं. मग प्रशस्तिपत्रावर पाचशे एक, पाकिटात तीनशे एक आणि उरलेल्या दोनशेंच्या शुभेच्छा, अशी वाटणी मी या डोळ्यांनी पाहिली आहे.

एवढं सगळं ठाऊक असूनही आमच्या वसाहतीच्या शिष्यवृत्ती निधीचा चिटणीस मीच झालो. कारण मला मोबाइलवर मराठी टाइप करता येतं. डोंबिवलीत सार्वजनिक कार्यात पडायला एवढी पात्रता पुरते. आमच्या गावाला या गोष्टीचा मुळातच नाद. गुढीपाडव्याची स्वागतयात्रा १९९९ साली इथूनच निघाली आणि मग गावोगाव पसरली. त्याच्या आधी काय नि नंतर काय, अस्सल डोंबिवलीकर दोन गोष्टी नेमाने करत आला : सकाळी लोकल पकडायची आणि रात्री कसल्या ना कसल्या समितीची सभा भरवायची. लोकलमध्ये दिवसभराची उभं राहण्याची हौस फिटलेली असते. सभेत बसायला मिळतं, हे तिचं खरं आकर्षण.

निधीची कल्पना शोकसभेत निघाली. चांगल्या कल्पना शोकसभेतच निघतात, कारण तिथे कोणी विरोध करत नाही.

अण्णा गेले होते. अण्णा म्हणजे गणपतीची रोषणाई, अण्णा म्हणजे रक्तदान शिबिरातले पंखे, अण्णा म्हणजे वाचनालयाची फडफडणारी ट्यूबलाइट. खांद्यावर शिडी नसलेले अण्णा फारसे कोणी पाहिले नव्हते. श्रद्धांजलीच्या फलकासाठी फोटो हवा म्हणून मंडळाचे जुने अल्बम काढले, तर त्यात अण्णांची फक्त पावलं सापडली, शिडीच्या वरच्या पायरीवरची. फोटोग्राफर ‘सगळे या’ म्हणायचा तेव्हा अण्णा चौकटीच्या वर कुठेतरी वायर जोडत असायचे. फोटोत हार घालून उभे असलेले मात्र दरवर्षी तेच. शेवटी अण्णांच्या आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. लोक येऊन हात जोडायचे आणि हळूच विचारायचे, ‘हे कोण?’

दोन मिनिटांची स्तब्धता अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे चाळीस सेकंदांत आटोपली आणि मागून आवाज आला, ‘अण्णांच्या नावाने काहीतरी केलं पाहिजे.’

आता ‘काहीतरी’ म्हणजे आपल्याकडे तीनच गोष्टी : चौक, बाक किंवा शिष्यवृत्ती. चौकाला राजकीय वजन लागतं, बाकाला जागा लागते. शिष्यवृत्तीला नुसता ठराव पुरतो. वसाहतीसाठी राबणाऱ्या स्वयंसेवकांची आठवण राहावी आणि त्यांच्यासारखं काम करणाऱ्या होतकरू मुलाला किंवा मुलीला दरवर्षी मदत मिळावी, असा ठराव झाला. सूचक अनुमोदक मिळाले. सगळ्यांनी डोळे पुसले. चहा आला.

दुसऱ्या दिवसापासून खरा प्रश्न सुरू झाला : एकट्या अण्णांचंच नाव का?

प्रश्न रास्त होता. पंचवीस वर्षं वाचनालयाची पुस्तकं घरी नेऊन चिकटवणाऱ्या बाई होत्या. ज्यांचं मुंबईत कोणी नाही अशा पेशंटपाशी रात्ररात्र बसणाऱ्या काकू होत्या. आणि आप्पा होते. आप्पांचं काम असं होतं की त्याचा जाहीर सत्कार करणं अवघड. वसाहतीत कोणी गेलं की रात्री दोन वाजता बांबू कुठे मिळतो, दाखला कोण लिहून देतो, मडकं कोणत्या हाताने धरायचं, हे सगळं आप्पांना पाठ. लोक त्यांना जिवंतपणी जरा लांबूनच नमस्कार करत. तेही आता गेले होते. त्यांच्या वेळी बांबू कुठे मिळतो हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तासभर सगळे फोन करत होते, त्यातले दोन सवयीने आप्पांनाच.

तर सात नावं निघाली. निधीच्या नावात सातही घालायची ठरली. पण क्रम कोणता? कोणी म्हणालं अकारविल्हे. त्याला लगेच विरोध झाला, कारण वाचनालयाच्या बाईंचं आडनाव ‘ह’वरून होतं आणि त्यांचे चिरंजीव सभेला हजर होते. कोणी म्हणालं, सेवाज्येष्ठतेने घ्या. मग कोण कधीपासून काम करत होतं यावर दीड तास. आमचे कायदेपंडित, म्हणजे कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार, इतका वेळ डोळे मिटून बसले होते. ते उघडून म्हणाले, ‘निधनज्येष्ठता धरा. सेवेचा दाखला नसतो. निधनाचा असतो.’

यावर बोलण्यासारखं काही उरलं नाही. फक्त मधल्या बिल्डिंगचे नाना, जे गेली कित्येक वर्षं पाण्याच्या टाकीवर चढून कॉक फिरवतात, ते कोपऱ्यातून म्हणाले, ‘म्हणजे आमचं नाव लागायचं तर आम्ही...’

‘तसं नाही नाना,’ अध्यक्ष घाईघाईने म्हणाले, ‘तुम्ही अजिबात गडबड करू नका.’

दुसऱ्या दिवशी टाकी वाहिली.

निधीचं पूर्ण नाव पावतीपुस्तकावर मावेना. प्रेसवाल्याने दोन पर्याय दिले : एक तर पावती आडवी छापायची, नाहीतर नाव छापून रकमेचा रकाना काढून टाकायचा. अध्यक्षांनी दुसऱ्या पर्यायावर थोडा विचारही केला. अखेर पावतीवर मोठ्या अक्षरात नुसतं ‘निधी’ छापलं. वर्गणी मागायला गेलो की लोक विचारायचे, ‘निधी कोण? कोणाची मुलगी?’

वर्गणी मागणं ही कला आहे आणि ती आपल्या पूर्वजांना येत होती. अंताजी दामोदर काळे यांनी एकेक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, ती लोकांच्या घरातलं मूठमूठ धान्य गोळा करत चालवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या पोरांसाठी मंगळसूत्रही मोडलं. अण्णासाहेब कर्वे तर वर्गणीसाठी इतके हिंडले की त्यांच्या एकशे चार वर्षांच्या आयुष्याचं रहस्य मला त्या पायपिटीतच दिसतं. हा इतिहास मी पहिल्या बैठकीत फार उत्साहाने सांगितला. सगळ्यांना भरून आलं. खजिनदार म्हणाले, ‘तेव्हा क्यूआर कोड नव्हता. आपण तर किती पुढे आहोत.’

क्यूआर कोड लावला. प्रत्येक बिल्डिंगच्या लिफ्टशेजारी. पहिल्या आठवड्यात एकूण एक रुपया जमा झाला. चौकशी केली तेव्हा कळलं, तो खजिनदारांनीच कोड चालतो का बघायला पाठवला होता.

मग जुन्या पद्धतीने दारोदार निघालो. इथे मानवी स्वभावाचे जे नमुने भेटले त्यांची यादी द्यायचा मोह टाळतो, दोनच सांगतो. एका गृहस्थांनी दार अर्धं उघडून विचारलं, ‘ऐंशी जी आहे का?’ मी म्हटलं, आहे. ‘रोख चालेल?’ मी म्हटलं, चालेल, पण दोन हजारांच्या वर रोख दिलीत तर करसवलत मिळत नाही. ते गंभीर झाले, आत गेले, बायकोशी बराच वेळ हलक्या आवाजात बोलले आणि बाहेर येऊन एक्कावन्न रुपये दिले. ‘मर्यादेत आहे ना?’ असं वर विचारलं.

दुसऱ्या एका काकूंनी दोनशे एक दिले आणि पावतीवर नाव घालायला सांगितलं. स्वतःचं नाही. सासऱ्यांचं, सासूबाईंचं आणि गेल्या वर्षी गेलेल्या मांजराचं. ‘त्यानेही कधी कोणाला त्रास दिला नाही,’ त्या म्हणाल्या. पाहायला गेलं तर सार्वजनिक कार्यातल्या फार थोड्या माणसांबद्दल एवढं म्हणता येईल. मी पावती फाडली.

असे मागत मागत एक लाख जमले. हे मात्र खरं कौतुकाचं, आणि त्यात माझा वाटा फार कमी. वाचनालयात बसणाऱ्या माई नावाच्या बाई आहेत, त्यांनी निम्मे आणले. त्या कोणाकडे मागायला गेल्याच नाहीत. पुस्तक बदलायला आलेल्या माणसाला त्या नुसतं म्हणायच्या, ‘दंड माफ करते, निधीला द्या.’ कित्येकांचा दंड माईंनी मनातल्या मनातच लावलेला होता.

एक लाख हातात आले आणि ते बँकेत ठेवायचा प्रसंग आला. इथून पुढचा भाग मी जरा जपून सांगतो. संस्था काढायला १८६० च्या कायद्याप्रमाणे किमान सात माणसं लागतात. तेवढी आमच्याकडे कधीच होती. पण १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा असंही म्हणतो की विश्वस्त बदलले तर नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यावा. आमच्या मंडळाने शेवटचा बदल अर्ज कधी दिला हे कोणालाच आठवेना, कारण ज्यांना आठवलं असतं ते बदलले होते. म्हणजे कागदोपत्री आमचे मूळ अध्यक्ष अजून पदावर होते आणि त्यांच्या फोटोला हार घालून मात्र नऊ वर्षं झाली होती. बँकेतल्या तरुण अधिकाऱ्याने यादी पाहिली.

‘सगळ्या विश्वस्तांना केवायसीसाठी घेऊन या.’

‘सगळ्यांना आणता यायचं नाही,’ खजिनदार म्हणाले.

‘बाहेरगावी आहेत?’

‘हो... चौघे कायमचे.’

‘मग त्यांच्या सहीचं अधिकारपत्र आणा.’

खजिनदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी बँकेच्या भिंतीवरच्या पोस्टरकडे पाहिलं. पोस्टरवर एक आनंदी कुटुंब निवृत्तीनंतरचं आयुष्य बघत होतं.

ते सगळं सावकाश मिटलं. मिटवलं शिरस्तेदारांनी. एरवी सभेत झोपणारा माणूस कागदपत्रं दिसली की कसा टवटवीत होतो ते तेव्हा पाहिलं. सात मृत्युदाखल्यांच्या सत्यप्रती त्यांच्या कपाटात आधीच तयार होत्या. ‘निधनज्येष्ठतेसाठी काढून ठेवल्या होत्या,’ ते म्हणाले.

ठेव झाली. साडेसहा टक्के. वर्षाचे साडेसहा हजार. त्यात खजिनदारांचा एक रुपया.

आता नियमावली. नियमावली हा आमच्या लोकांचा आवडता भाग. पैसे वाटण्यापेक्षा ते कोणाला वाटायचे नाहीत हे ठरवण्यात अधिक गोडी असते. सभेची वेळ रात्री साडेनऊ. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब होऊन अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी भरेल आणि तिला गणपूर्तीची गरज नाही, असं आमच्या घटनेत आहे. त्यामुळे सगळे थेट दहालाच येतात. मूळ सभा कशी असते हे पाहायला एकदा मी साडेनऊला गेलो होतो. खोलीला कुलूप होतं.

विद्यार्थी गरजू हवा की गुणवान हवा, यावर पहिली रात्र गेली. ‘किमान नव्वद टक्के ठेवा,’ एक जण म्हणाले. हल्ली दहावीला काही मुलांना पैकीच्या पैकी मिळतात. ज्यांच्या मुलाला पंच्याऐंशी मिळाले ते आईबाप पेढे देताना आवाज खाली आणतात. ‘नव्वद टक्केवाल्याला समाजसेवेला वेळ कधी मिळणार?’ दुसऱ्यांनी विचारलं. ‘आणि समाजसेवा करणाऱ्याला नव्वद कसे मिळणार?’ तिसऱ्यांनी. दोन्ही बाजू एकाच निष्कर्षावर येत होत्या की शिष्यवृत्ती कोणालाच देता येणार नाही. अध्यक्षांना ते सोयीचंही वाटलं असावं.

गरजू म्हणायचं तर उत्पन्नाचा दाखला हवा. तो तहसीलदारांचा. दाखल्यासाठी अर्ज, अर्जाला जोडायचे कागद, कागदांसाठी दोन दिवसांची रजा. ज्याचा बाप रोजंदारीवर आहे त्याची तेवढ्यात निम्मी शिष्यवृत्ती संपते. हे माईंनी बोलून दाखवलं. त्यावर असं ठरलं की दाखल्याऐवजी वसाहतीतल्या दोन प्रतिष्ठित नागरिकांनी ‘हा गरीब आहे’ असं लिहून द्यावं. मग प्रतिष्ठित कोण, हे ठरवायला उपसमिती.

नववा नियम माझ्या चांगला लक्षात आहे. ‘कार्यकारिणी सदस्य व त्यांचे नातलग अपात्र राहतील.’ पारदर्शकता हवी म्हणून मी तो लिहिला आणि मला वाटलं टाळ्या पडतील.

‘नातलग कुठपर्यंत?’ विचारणा झाली.

‘सुतक लागतं तिथपर्यंत,’ शिरस्तेदार.

‘दहा दिवसांचं की तीन दिवसांचं?’

यावर सभा पुन्हा तहकूब झाली.

अर्जात एक रकाना होता : ‘केलेल्या सेवेचे एकूण तास (पुरावा जोडावा)’. हा रकाना कोणाच्या डोक्यातून निघाला ते मी सांगणार नाही, कारण कार्यालयात मलाही टाइमशीट भरावी लागते आणि माणूस आपला छळ दुसऱ्याला देतोच. अर्ज आले. एका मुलाने चाळीस फोटोंची फाइल जोडली होती. झाड लावताना. तेच झाड दुसऱ्या बाजूने लावताना. झाडाला पाणी घालताना, पाण्याचा पाइप बंद. एका मुलीच्या वडिलांनी लिहिलं होतं, ‘चिरंजीविनीने लॉकडाउनच्या काळात समाजमाध्यमांवर धीर देणारे संदेश सातत्याने पाठवले.’ मला ते संदेश आठवत होते. धीर खचला होता तो त्यांनीच. एका अर्जावर सेवेचे तास ८७६० असे भरले होते. गुणाकार केला तेव्हा ते वर्षाचे सगळे तास निघाले. मुलाला विचारलं तर म्हणाला, ‘काका, आईच्या पोटी जन्मलो तेव्हापासून समाजाचाच आहे असं बाबा म्हणाले.’

आणि एक अर्ज कोरा. म्हणजे नाव, पत्ता, बारावीनंतर डिप्लोमाला प्रवेश घेतलाय एवढं होतं. तासांच्या रकान्यात एकच ओळ : ‘अभ्यासिकेची चावी माझ्याकडे असते.’

ही मुलगी सगळ्यांना माहीत होती आणि कोणाच्याच लक्षात नव्हती. वाचनालयाच्या वर अभ्यासिका आहे. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं असलेली पोरं तिथे अभ्यासाला येतात. ती पहाटे साडेपाचला उघडते, कारण ही उघडते. रात्री बंद होते, कारण ही बंद करते. मधल्या वेळात ही लोकलने कॉलेजला जाऊन येते.

‘पुरावा काय?’ निवड समितीतले एक जण म्हणाले.

‘चावी,’ मी म्हटलं.

‘ती झेरॉक्स करता येईल का?’

पण निवड तिचीच झाली. त्यात आमचं औदार्य फारसं नव्हतं. सभा संपून खोली बंद करायची वेळ आली होती आणि चावी घेऊन ती दारातच उभी होती. तिच्या समोर दुसरं नाव उच्चारायची कोणाची छाती झाली नाही.

साडेसहा हजार एक देण्यासाठी समारंभ ठरला. हॉल, फुलं, ध्वनिवर्धक, शाली, वडे, छपाई मिळून अंदाज एकतीस हजारांचा. माई म्हणाल्या, ‘समारंभच नको करू या. पाचपट मुलांना देता येईल.’ क्षणभर शांतता पसरली. मग अध्यक्ष अतिशय प्रामाणिकपणे म्हणाले, ‘माई, पण मग दिल्याचं कळणार कसं?’

समारंभाबद्दल थोडक्यात. शिष्यवृत्तीबरोबर हयात स्वयंसेवकांचाही गौरव करायचा असं नानांच्या टाकीप्रकरणानंतर ठरलं होतं. निवेदिका म्हणाल्या, ‘आता आपल्या वसाहतीसाठी निःस्वार्थपणे झटणाऱ्या सर्व स्वयंसेवकांनी कृपया व्यासपीठावर यावं.’ बिल्ले आम्ही तीस छापले होते. छातीवर बिल्ला असलेली सत्तेचाळीस माणसं उठली. जास्तीचे कुठून आले ते कळलं नाही. दोघांचे स्वागतयात्रेचे होते, एकाच्या बिल्ल्यावर ‘वऱ्हाडी’ असं छापलेलं होतं. सगळे प्लायवूडच्या त्या स्टेजवर चढले. खाली एकटा लाइट लावणारा पोरगा उरला. अण्णांच्या हाताखाली शिकलेला. मी त्याला खूण केली, ‘अरे तूही जा, तुझंच तर काम!’

तो हलला नाही. ‘काका, स्टेज मी बांधलंय,’ तो म्हणाला. ‘वीस माणसांचं आहे.’

मुख्य पाहुणे त्याग या विषयावर बोलत असतानाच मागचा कोपरा चार इंच खाली गेला. कोणाला लागलं नाही. उलट सगळे एकदम पाहुण्यांच्या बाजूला कलले, तो फोटो आमच्या सगळ्या अल्बमांत सर्वांत जिवंत आला आहे.

त्या मुलीला चेक मिळाला. इथे कथा संपायला हरकत नव्हती. पण चेकवर दोन सह्या लागतात. अध्यक्षांची होती. खजिनदार सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला लेकीकडे गेले होते आणि जाण्याआधी त्यांनी विमानतळाच्या टॅक्सीच्या बॉनेटवर पाच कोऱ्या चेकांवर सह्या करून ठेवल्या होत्या. बॉनेट गरम होतं, टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. बँकेतली नमुना सही ते तरुण असतानाची, अगदी वळणदार, खाली दोन टिंबं. बॉनेटवरची सही भूकंपमापकाच्या कागदावरची वाटत होती.

आठवड्याने ती मुलगी दारात आली. ‘काका, चेक परत आला. सही जुळत नाही म्हणे. आणि माझ्याच खात्यातून पैसे कापले.’

म्हणजे आमच्या शिष्यवृत्तीने तिला आधी होतं त्यापेक्षा गरीब केलं होतं. गरजू या अटीत ती आता अधिकच बसत होती.

नाना शंकरशेट यांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकला असे. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर म्हणून त्यांचीच सही नोटांवर आली. शिष्यवृत्ती ती. आमच्या विद्यार्थिनीला नोट सोडा, चेकवर धड सही मिळेना. न्यू जर्सीला व्हिडिओ कॉल लावला. खजिनदार तिकडे बर्फातून चालत होते. ‘ऑनलाइन का नाही पाठवत?’ त्यांनीच विचारलं. शिरस्तेदार म्हणाले, ‘घटनेत चेक लिहिलंय. घटना बदलायची तर सर्वसाधारण सभा. एकवीस दिवसांची नोटीस.’ चेकची मुदत तीन महिन्यांची, खजिनदारांच्या मुक्कामाची सहा. आप्पा असते तर यातूनही त्यांनी रात्री दोन वाजता मार्ग काढला असता. आता असं कोणाला काही सुचेना.

माईंना सुचलं. कार्यकारिणीत एक जागा रिकामी होती. निधनाने नव्हे, बदलीने, हे त्यातल्या त्यात नवल. ‘या मुलीलाच सहखजिनदार करा,’ माई म्हणाल्या. ‘सभेची खोली तीच उघडते, बंद तीच करते. सही तिची घ्या. हिशोब तरी रोज होतील.’

सभा रीतसर तहकूब होऊन दहाला भरली. ठराव एकमताने झाला. मी इतिवृत्तात लिहीत होतो, तेवढ्यात शिरस्तेदारांनी डोळे उघडले.

‘नियम नऊ,’ ते म्हणाले. ‘कार्यकारिणी सदस्य अपात्र.’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नियम मीच लिहिला होता आणि माझं अक्षर या वसाहतीत ओळखीचं आहे. अध्यक्षांनी घसा साफ केला. ‘म्हणजे तांत्रिकदृष्ट्या... बेटा, तुला ते साडेसहा हजार एक निधीला परत करावे लागतील असं दिसतंय.’

ती दारापाशी चावी घेऊन उभी होती. साडेअकरा वाजत आले होते आणि पहाटे पुन्हा उघडायचं होतं.

‘करते की,’ ती म्हणाली. ‘आधी तुमचा चेक वटू दे.’